फिरत्या दारातले दाजी

पुणे,
७ जुलै २०२४

मामाआजोबा,

तुम्ही मला ओळखत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी अर्पिता. जालन्यात मस्तगडला राहणाऱ्या अण्णासाहेबांची नात, इंद्रभानची मुलगी. म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीची, नंदाबाईची नात. बाबा तुम्हाला मामा म्हणतात म्हणून मी मामाआजोबा म्हटलं. आवडलं नाही तर कळवा, बदलून घेईन. आधी फोनच केला होता. तो पुष्पाआजींनी उचलला आणि म्हणाल्या, "त्यायला फोनवरचं काही ऐकू येत न्हाई. जनरेटरनं कान खाल्ले त्यायचे. चिठ्ठी लिही, चार दिवस वाचत बसत्यात." म्हणून हे पत्र.

कारण कुत्र्यांचं आहे.

मी इथे जुन्या फिल्म साफ करून कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम करते. मागच्या महिन्यात एका गंजलेल्या डब्यात एक छोटी कार्टून फिल्म निघाली. परदेशी, काळी-पांढरी, खूप जुनी. एक झगमगीत हॉटेल आहे, मोटारींतून पाहुणे उतरतायत, आणि पाहुणे म्हणजे सगळे कुत्रे! कोटवाले, टोपीवाले, मिशीवाले. त्या काळातल्या तिकडच्या नामांकित नट-नट्यांची आणि गवयांची टिंगल करायला एकेकाला कुत्रा केलंय. मला फार मजा आली. जालन्याला गेले तेव्हा संध्याकाळी चहा घेताना सहज सांगितलं.

आजी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "गरगर फिरणारं दार हाय का त्यात? आन् काठीवाला जाडा कुत्रा?"

मी म्हटलं, तुला कसं माहीत?

ती म्हणाली, "तो तुझा आजोबा."

आजोबांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि गॅलरीत जाऊन पाठ करून बसले. नंतर स्वयंपाकघरात आजी हळूच म्हणाली, "कडूबाला इचार. मी सांगितलं तं ह्यायला वाटंल माहेराची बाजू घेऊन राह्यली. आन् त्याला लिही, औंदा नवरात्रात मला रेणुकेची ओटी भराया यायचंय. पर ह्यायच्या राजीखुशीनं. चोरून न्हाई."

मामाआजोबा, आमच्या घरात पिंपळगावचं नाव निघालं की कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं. आजी माहेरी गेलेली मी कधी पाहिली नाही. ती आता पंच्याहत्तरीला आली आहे. एका कार्टूनमधल्या कुत्र्याचा आणि ह्या सगळ्याचा काय संबंध आहे, ते मला सांगाल का?

तुमची (चालेल ना?) नात,
अर्पिता


पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन
१८ जुलै २०२४

चि. अर्पिता,

मामाआजोबाच म्हण, बदलू नको. आईबापांनी नाव कडू ठेवलं, त्याला कोणी गोड काही जोडत असेल तर मी कशाला नको म्हणू? तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं आणि जागचा हलेना. कोणाचं आलं ते कळल्याशिवाय जायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याला म्हटलं, नातीचं आहे. म्हणाला, तुम्हाला नात कधी झाली? मी म्हटलं, आजच.

तर तुझे कुत्रे माझे जुने ओळखीचे आहेत. ती रीळ अजून माझ्याकडे, धान्याच्या कोठीवर डब्यात आहे.

मी तंबूतला सिनेमा चालवायचो हे तुला घरात कोणी सांगितलं नसेल. मशीन, पडदा, जनरेटर, दोन भोंगे आणि एक माईक एवढा संसार घेऊन मी जत्रा-जत्रा हिंडलो. मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी, लोक जमेपर्यंत, काहीतरी दाखवावं लागायचं. त्यासाठी मी ही कुत्र्यांची रीळ घेतली होती. पहिल्यांदा लावली तर त्यातलं बोलणं कोणाला कळेना. लोक बोंबलायला लागले. मी आवाज बंद केला, माईक तोंडाशी धरला. पडद्यावर एक लांबोडक्या तोंडाचा, चष्मेवाला कुत्रा मोटारीतून उतरत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तलाठी आप्पा आले! सातबारा घिऊन बसा!" तंबू असा हसला की बांबू हलले.

तेव्हापासून ती रीतच पडली. गावात तंबू ठोकला की दुपारी मी चहाच्या हॉटेलात बसून राहायचो. कोण कसं चालतं, कोण मिशीला कसा हात लावतं, सगळं बघून घ्यायचो. रात्री ते सगळे पडद्यावर. तुला वाटेल, कुत्रा म्हटलं म्हणून लोक मारायला धावत असतील. बिलकुल नाही. ज्याला कुत्रा केलं नाही, तो धावायचा! सकाळी निरोप यायचा, "कडूबा, आमच्या भाऊला कामून घेतलं न्हाई? त्यो काय गाव सोडून गेल्ता का?" एका मास्तरांनी मला हात जोडून सांगितलं होतं, निदान मागे ताट घेऊन उभा आहे तो तरी मला करा. कुत्रा झाला तो गावातला माणूस, नाही झाला तो नुसता रहिवासी.

तुमच्या गावाला, म्हणजे दाजी जालन्याला येण्याआधी राहायचे त्या गावाला, काठीवाला जाडा कुत्रा हे दाजी. पक्के. दुसऱ्या कोणाला ती जागा मी कधी दिली नाही. तो कुत्रा त्या फिरत्या दारात शिरतो, दोन गिरक्या खातो, बाहेर येतो आणि काठी टेकून उभा राहतो. त्याबरोबर हॉटेलातले झाडून सगळे कुत्रे उभे राहतात. मी माईकवर म्हणायचो, "उठा! अण्णासाहेब आले!" आणि तंबूतली माणसंही उठायची. खरोखर उठायची. असलं दार आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. लोक त्याला दाजींचा रहाट म्हणायचे. दाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, मान ताठ करून. त्यांच्यासारखा खूष माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

मग ते वर्ष आलं. दाजी सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, समोर राधेश्याम. राधेश्याम म्हणजे हाडकुळा माणूस, पावसाळा असो नसो हातात छत्री. कुत्र्यांतही तो छत्रीवालाच, दाजींच्या मागोमाग दारातून येणारा. तुमच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात रीळ तुटली. तुटली की खराब झालेला तुकडा कापून टाकायचा आणि दोन टोकं चिकटवायची, दुसरा इलाज नसतो. मी तेच केलं. किती गेलं ते लावून बघायला वेळ मिळाला नाही. तुमच्या गावात रात्री दार फिरलं, मी सवयीने "उठा!" म्हणून मोकळा झालो, आणि दारातून बाहेर आला राधेश्याम. छत्रीसकट. सगळे कुत्रे त्याच्यासाठी उभे. तंबू उभा. दाजी तेवढे बसलेले.

पुढच्या आठवड्यात दाजी निवडणूक हरले.

मी घरी गेलो तेव्हा त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. म्हणाले, "फिल्लम काय नेमकी तिथंच तुटती? त्वा मला कापलं, कडूबा. राधेश्यामचा चहा पिऊन कापलं." आता चहा मी राधेश्यामचा प्यालो होतो, तसा सगळ्यांचाच प्यायचो. नंदा माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात आली होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन परत आत गेली. तेव्हापासून ती ह्या घरी आली नाही. भाऊबीजेची साडी मी दरवर्षी कोणाच्या तरी हाती धाडतो. परत येत नाही आणि पोचल्याचा निरोपही येत नाही.

तिला यायचंय हे वाचून मी ते पत्र पुष्पाला मोठ्याने वाचून दाखवलं. पण पोरी, एक ऐक. ते कुत्रे खरे कोणाचे आहेत ते मला सांगू नको. दाजींपुढे तर तो विषय काढूच नको. आधी मला विचार आणि मगच पाऊल टाक.

आशीर्वादांसह,
तुझा मामाआजोबा कडूबा


पुणे,
३० जुलै २०२४

मामाआजोबा,

तुमचं पत्र इथे येऊन पडलं तेव्हा मी जालन्याला होते. पाऊल टाकून झालं होतं.

मला वाटलं होतं, आजोबांना कोणीतरी कुत्रा म्हटलं म्हणून राग आलाय. दुसरं काय वाटणार? म्हणून मी त्यांच्याशेजारी बसले आणि अगदी प्रेमाने समजावलं. आजोबा, हे सगळे कुत्रे तिकडचे नट आहेत. हा काठीवाला तर त्यांचा एक प्रसिद्ध विनोदी नट, हा बघा त्याचा फोटो. तुमचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

ते फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तो मी नव्हतोच?"

आणि मी आनंदाने म्हणाले, "नव्हतातच!"

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. रोज संध्याकाळी ते खाली बाबांच्या दुकानात जाऊन बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. त्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. दाढी केली नाही. बाबांना वाटलं बीपी वाढलं, ते डॉक्टरकडे चला म्हणाले, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आजी मला कधी रागवत नाही. ह्या वेळी म्हणाली, "एवढी वर्षं रागापायी का हुईना, त्यो त्येंचा कुत्रा व्हता. त्योबी काढून घेतला तू." नवरात्राचं मी विचारलं, तर म्हणाली, आता कोणत्या तोंडानं विचारू?

मला फार वाईट वाटतंय. मी शहाणपणा करायला गेले आणि सगळंच बिघडवून आले. तुमची रीळ मला पाठवाल का? निदान तुटलेली जागा मला बघू द्या. माझ्याकडे दुसरी प्रत आहे, तिच्यात तो तुकडा शाबूत आहे.

अर्पिता


पिंपळगाव रेणुकाई
८ ऑगस्ट २०२४

अर्पिता,

काय केलंस गं बाई!

तुला कोणी विचारलं होतं, तो नट कोण ते? मी बारा गावांत हिंडलो, हजारो माणसांना कुत्रा केलं, एकानेही विचारलं नाही. तुम्हा शिकलेल्यांना प्रत्येक गोष्टीच्या मागे काय आहे ते बघायची भारी खोड. पडद्याच्या मागे काय असतं? बांबू असतो. तो बघून कोणाचं भलं झालंय?

दाजी माझ्यावर रागावलेले होते तोवर माझं बरं चाललं होतं. रागवायला का होईना, त्यांना माझी रोज आठवण काढावी लागत होती. आता त्यांना रागवायलाही काही उरलं नसेल तर मी त्यांच्या लेखी मेलोच. आणि नंदाने यायचं कोणाच्या राजीखुशीने? भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाच्या?

दोन दिवस तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पुष्पा म्हणाली, लेकरू हाय, चुकलं, त्यात एवढं काय! म्हणून लिहितोय. रीळ धाडली आहे. आमच्या शाळेतले धम्मपाल सर पुण्याला निघाले होते, त्यांच्या हाती दिली आहे. डबा आपटू नको. झाकण घट्ट बसतं, चमच्याने उचकट.

राग अर्धा गेला आहे. बाकीचा जाईल.

कडूबा


पुणे,
२६ ऑगस्ट २०२४

मामाआजोबा,

रीळ पोचली. चमच्याने उचकटली. आत कडुनिंबाचा पाला होता, तो बघून आमच्या ऑफिसात सगळे आधी हसले आणि मग गप्प झाले, कारण इतकी वर्षं कोठीवर राहूनही फिल्मला कीड-बुरशी काही नाही. किती जपलीत तुम्ही ही.

दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावून बघितल्या. तुमच्या रिळेत दार फिरतं आणि एकदम छत्रीवाला येतो, तुम्ही लिहिलंत तस्संच. मधला जाड्या कुत्र्याचा तुकडा नाही. पण एक गोष्ट मला कळत नाहीये. जिथे तुम्ही जोड दिलाय तिथली कड नुसती फाटलेली नाही. ती जळलेली आहे. तपकिरी झाली आहे आणि फोड आलेत. बाकीची रीळ इतकी जपलेली, तिच्यात दुसरीकडे कुठेच असं नाही. फक्त इथे. आजोबा म्हणतात तेही मग खोटं नाही ना, की नेमकी तिथेच कशी तुटली? मी तुमच्यावर संशय घेत नाहीये. आता मी विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारतेय.

अजून एक. फिल्मच्या शेवटी एक कुत्री येते. लांब पापण्या, गळ्यात माळ, माईक हातात घेऊन गाते, आणि सगळं हॉटेल गप्प होऊन ऐकतं. मला ती सगळ्यांत आवडते. तिला तुम्ही कोणाचं नाव द्यायचात?

आजोबा तसेच आहेत. जेवतात, पण हे आण ते आण म्हणत नाहीत.

अर्पिता


पिंपळगाव रेणुकाई
६ सप्टेंबर २०२४

चि. अर्पिता,

तुझं कौतुक वाटलं. जळलेली कड तू बरोबर हेरलीस.

तुला माहीतच असेल, मशीनमध्ये फिल्म चालती असली की तिला दिव्याची धग लागत नाही. थांबली की त्याच चित्रावर दिवा तापत राहतो आणि ते जळायला लागतं. म्हणून चालू खेळात मशीन कधी थांबवायची नसते. मी थांबवायचो. एकाच ठिकाणी आणि एकाच गावात. दाजींचा कुत्रा दारातून बाहेर येऊन काठी टेकतो ना, तिथे. लोक उठायचे, टाळ्या वाजवायचे, कोणी शिट्टी घालायचं, आणि पडदा पुढे सरकला तर दाजींचा मान अर्ध्यात राहील असं मला वाटायचं. बहिणीचा नवरा आहे. सगळं गाव परत खाली बसेपर्यंत मी त्यांना पडद्यावर उभं धरायचो. दरवर्षी तेवढी जागा थोडी थोडी तांबूस होत गेली. मला दिसत होतं. तरी थांबवायचो. शेवटी तिथेच तुटली. दुसरीकडे कुठे तुटणार?

तू म्हणशील, मग त्यांना तेव्हाच का नाही सांगितलं? त्यांनी प्रश्न विचारला होता, पण उत्तराला थांबले नव्हते. आणि पुढे-पुढे वाटायला लागलं, आता सांगितलं तर उपकार बोलून दाखवल्यासारखं होईल. नंदाच्या घरात मला तसं नको होतं.

हे पत्र दाजींना दाखवायचं तर दाखव. ह्या वेळी मीच सांगतोय, पाऊल टाक.

त्या गाणाऱ्या कुत्रीचं विचारलंस. तिला मी कधीच नाव दिलं नाही. आयाबायांचं नाव असं भोंग्यावर घ्यायची रीत नव्हती. लोकांनी तंबू जाळला असता. मी आपलं दर गावात म्हणायचो, "आन् ही पाव्हणी!" एवढंच. बायका मागे घोंगडीवर बसलेल्या असायच्या, त्या काही म्हणायच्या नाहीत.

मामाआजोबा


मस्तगड, जालना
२३ सप्टेंबर २०२४

कडूबास,

तुझे पत्र पोरीने मला वाचून दाखवले. मी ते परत एकदा स्वतः चष्मा लावून वाचले. तू मशीन थांबवीत होतास हे मला ठाऊक नव्हते. मला वाटायचे, लोकांना बघून तो कुत्रा आपणहून थांबतो.

पोर म्हणते, तो कुत्रा म्हणजे परदेशातला कोणी नट. त्या नटाचा फोटो तिने मला मोबाईलवर दाखवला होता. मी तो नीट बघितला आहे. पुन्हा मागवून बघितला. त्या माणसाच्या भिवया पातळ आहेत. मान लांब आहे. काठी तो छत्रीसारखी धरतो. कुत्र्याशी त्याचे काही एक जुळत नाही. भिवया माझ्या आहेत, मान माझी आहे, काठी टेकायची तऱ्हा माझी आहे. हे मी म्हणत नाही, सगळे गाव म्हणत होते. चित्र काढणाऱ्याने समोर कोणाला बसवले होते तो त्याचा प्रश्न आहे. त्याला साधलो मी. त्यामुळे कुत्र्याचा विषय माझ्या बाजूने मिटला आहे.

राधेश्याम वारला. चांगला माणूस होता, छत्रीमुळे तसा दिसायचा.

नवरात्रात सातव्या माळेला तुझ्या बहिणीला घेऊन येत आहे. तिला ओटी भरायची आहे. पोरीने तो तुकडा घालून अख्खी फिल्म तयार केली आहे म्हणे. दाखवणार असशील तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेव. खाली बसवत नाही आता.

राग पूर्ण गेला आहे असे समजू नये.

अण्णासाहेब


पिंपळगाव रेणुकाई
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अर्पिता,

तुला सुटी मिळाली नाही, ह्याबद्दल तुझ्या साहेबाला मी कधीही माफ करणार नाही. तू धाडलेला तो बोटाएवढा पेन ड्राइव्ह धम्मपाल सरांनी शाळेच्या प्रोजेक्टरला लावला. पडदा मात्र माझाच, ठिगळांसकट.

नंदा जीपमधून उतरली आणि मी आधी तिची साडी पाहिली. मी धाडलेली होती. कोणत्या वर्षाची ते आठवेना, पण घडीच्या खुणा तशाच होत्या, त्या दिवशीच मोडली होती तिने. ती मला म्हणाली, "म्हातारा झाला रे तू." मला रडू येत होतं, ते मी लपवलंही नाही. दाजी मागून म्हणाले, "आधी ओटी भरून घ्या, मंग रडा." ओटी भरून झाली. देवळातून येताना ती रस्त्यातल्या प्रत्येक दाराशी थांबत होती, कोण जिवंत आहे ते विचारत.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मी माईक घेतला. पहिले दोन कुत्रे मी आपल्या ग्रामसेवकाला आणि दूध डेअरीवाल्याला दिले, आणि पोरांची डोकी वर आली. मग दार फिरलं. एक गिरकी, दोन गिरक्या. आणि आले गं! इतक्या वर्षांनी, काठीसकट, अख्खे. मी म्हणालो, "उठा! अण्णासाहेब आले!" आमच्या गावाला अण्णासाहेब माहीत नाहीत. पण म्हातारी माणसं उठली, त्यांना बघून पोरं उठली, मग सगळेच उठले. धम्मपाल सरांनी चित्र थांबवलं. मी झटकन त्यांचा हात धरला. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "काका, आता न्हाई जळत! हवं तितका वेळ थांबवा!"

म्हणून थांबवलं. दाजी खुर्चीतून स्वतःकडे बघत होते. किती वेळ, ते मी मोजलं नाही. भिवया आता पांढऱ्या झाल्यात त्यांच्या, पण आहेत तिथेच. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर हाय." आणि थोड्या वेळाने, "चल फुडं. लोक खोळंबलेत."

शेवटी ती गाणारी आली. लांब पापण्या, गळ्यात माळ. जुन्या सवयीने मी म्हणालो, "आन् ही पाव्हणी!"

बायकांतून कोणीतरी उठलं. पडद्यावर सावली पडली, आधी डोक्यावरचा पदर दिसला. नंदा होती. चालत माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. ही माझी बहीण, जी त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन मुकाट आत गेली होती. भोंग्यावरून बोलली म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पाव्हणी न्हाई. नंदा हाय ही. ह्याच गावची."

सगळं पटांगण गप्प झालं, हॉटेलासारखंच. मग बायकांतून कोणी ओरडलं, "आन् मंग मी कोणती?" दुसरी म्हणाली, "मला त्यो चष्मेवाला करा!" फिल्म परत पहिल्यापासून लावावी लागली आणि सगळी नावं बायकांना द्यावी लागली. माईक नंदाने मला दिलाच नाही. मी बाजूला बसलो. पुष्पाला तिने छत्रीवाला केलं. दाजींच्या जागी कोणाला घालते म्हणून मी बघत होतो, पण तिथे तिने दाजींनाच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी परत निघाले. नंदा ओट्यावर पाय सोडून चहा पीत होती, तयार झालेली नव्हती. ते काठी टेकून म्हणाले, "कवा न्यायला येऊ?"

ती म्हणाली, "पाव्हणी असते तं सांगितलं असतं."

तुझा मामाआजोबा
कडूबा